रिपोर्टमध्ये ‘प्रवाह नाही’, पण खरंच नाही का?

बीड जिल्ह्यात तुम्ही ताई, वहिनी, मामी अशा कुणासोबत कधी सोनोग्राफीला गेला असाल, तर दारावरची पाटी तुम्हाला पाठ असणार. इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. पाटी असायलाच हवी. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली निघाल्या. दहा वर्षं आधी, २००१ ला, हा आकडा ८९४ होता. मे २०१२ मध्ये परळीत अवैध गर्भपातात एका महिलेचा जीव गेला आणि अख्ख्या देशात बीडचं नाव झालं, नको त्या कारणासाठी. त्या प्रकरणात डॉ. सुदाम मुंडे आणि डॉ. सरस्वती मुंडे यांना २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

या सगळ्यातून एक विचित्र गोष्ट झालीय. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्याही आणि पकडणाऱ्याच्याही. मशीन आणखी काय काय सांगतं, आणि सांगतं ते बरोबर सांगतं का, याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. म्हणून आज त्या ‘आणखी’बद्दल. डॉप्लरबद्दल.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो माझ्या मामेबहिणीमुळे. आठवा महिना लागला होता आणि बाळाची वाढ कमी दिसत होती, म्हणून डॉक्टरांनी डॉप्लर करायला सांगितला. रिपोर्टमध्ये इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये नाळेतला रक्तप्रवाह दिसत नाही. घरात रडारड. आजच सिझर करावं लागेल म्हणे, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल म्हणे. त्याच रात्री तिला दुसरीकडे हलवलं. तिथल्या मॅडमनी पुन्हा प्रोब लावला, दोन-तीन बटणं फिरवली आणि बाळ शांत होईपर्यंत चक्क दहा मिनिटं वाट बघितली. प्रवाह होता. कमी होता, पण होता. पुढे ठराविक दिवसांनी डॉप्लर करत करत ३७ आठवडे गाठले. पोरगी आता दीड वर्षाची आहे आणि घरातला एकही चार्जर तिच्या तावडीतून सुटलेला नाही.

मला प्रश्न पडला तो एवढाच: त्या दोन-तीन बटणांत असं काय होतं?

आधी डॉप्लर म्हणजे काय ते बघू. १०८ ची रुग्णवाहिका जवळ येताना सायरन बारीक, टिपेचा ऐकू येतो आणि पुढे निघून गेली की एकदम जाड होतो, हे तुम्ही अनुभवलंय. सायरन तोच असतो, फक्त तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय यावर ऐकू येणारी कंपनसंख्या बदलते. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लर यांनी ही कल्पना १८४२ मध्ये मांडली, तीही ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल. तीन वर्षांनी नेदरलँड्समध्ये बाईज बॅलो यांनी रेल्वेच्या डब्यावर ट्रम्पेट वाजवणारे बसवून ती तपासली. (पुस्तकात कायम रेल्वेच्या शिट्टीचं उदाहरण असतं. बीड शहरात रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोपर्यंत आपल्या शहरातल्या पोरांनी हा धडा भरवशावरच शिकला.)

सोनोग्राफीचं प्रोब शरीरात आवाजाच्या लाटा सोडतं. कानाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला लाखो कंपनं असणाऱ्या. त्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर आपटून परत येतात. पेशी प्रोबकडे येत असतील तर परतणारी कंपनसंख्या थोडी वाढते, लांब जात असतील तर कमी होते. मशीन हा फरक मोजतं आणि त्यावरून रक्ताचा वेग काढतं. जपानमध्ये ओसाका इथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात हे हृदयावर करून दाखवलं. १९७७ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी नाळेतल्या रक्तावर ते वापरलं.

आता मजा बघा. लाटा लाखोंच्या घरातल्या, पण फरक येतो तो काहीशे किंवा काही हजार हर्ट्झचा. म्हणजे नेमका आपल्या कानाला ऐकू येईल इतका! सोनोग्राफीच्या खोलीत ‘फूश, फूश’ असा जो आवाज येतो, तो बाळाच्या हृदयावर कुणी माईक लावल्याचा नसतो. तो हा फरक असतो, थेट स्पीकरला जोडलेला.

आणि हो, ‘कलर सोनोग्राफी’ म्हणजे बाळाचा रंगीत फोटो नव्हे. हा गैरसमज मी इतक्या जणांकडून ऐकलाय की सांगितलंच पाहिजे. लाल म्हणजे प्रोबच्या दिशेनं येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं. शुद्ध-अशुद्ध रक्ताशीही त्या रंगांचा संबंध नाही. प्रोब उलटीकडून धरला की तीच रक्तवाहिनी लालची निळी होते.

गर्भारपणात हे कशाला मोजायचं? बाळ नाळेतून वारेकडे रक्त पाठवतं आणि तिथून ऑक्सिजन, अन्न घेतं. वार निरोगी असेल तर ती मऊ, सैल असते. बाळाचं हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त जोरात जातंच, पण हृदय सैल पडतं त्या क्षणीही प्रवाह पुढे चालूच राहतो. वार बिघडली, म्हणजे आईला रक्तदाबाचा त्रास असेल किंवा मुळात वारेची वाढच नीट झाली नसेल, तर तिथला अडथळा वाढतो. मग हृदय सैल पडतानाचा प्रवाह आधी कमी होतो, मग शून्यावर येतो, मग उलटा फिरतो. शून्य आणि उलटा ही धोक्याची घंटा. किती आठवडे झालेत ते बघून डॉक्टर प्रसूती लवकर करायची का ते ठरवतात. म्हणजे त्या आलेखातल्या दोन उंचवट्यांच्या मधल्या दरीत रेष आहे की नाही, यावर बाळ वेळेआधी बाहेर काढायचं की आत वाढू द्यायचं हे बऱ्याच अंशी ठरतं.

नेमकी तीच रेष सगळ्यात नाजूक असते. गोची इथेच आहे.

प्रोबकडे फक्त रक्ताचा आवाज येत नाही. रक्तवाहिनीच्या भिंती धडधडत असतात, आईचा श्वास चालू असतो, आजूबाजूचं मांस हलत असतं. या सगळ्यांचा परतणारा आवाज रक्ताच्या आवाजापेक्षा शंभर ते हजार पट मोठा असू शकतो. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून मैत्रिणीची कुजबुज ऐकायची, तसला प्रकार. सुदैवानं भिंती आणि मांस हळू हलतात, म्हणून त्यांचा फरक कमी हर्ट्झचा असतो. मशीनमध्ये यासाठी वॉल फिल्टर असतो. ठराविक हर्ट्झच्या खालचं सगळं तो कापून टाकतो. भिंतीची धडधड जाते, आलेख स्वच्छ दिसतो.

पण हळू वाहणारं रक्तही त्याच कमी हर्ट्झमध्ये असतं. फिल्टर वर चढवून ठेवला असेल तर भिंतीबरोबर रक्तही कापलं जातं.

हे मी स्वतः गणित करून बघितलं, तुम्हीही करा, बारावीच्या फिजिक्सचंच आहे. प्रोब ३.५ मेगाहर्ट्झचं. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर. हृदय सैल पडताना नाळेतलं रक्त समजा सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगानं चाललंय आणि प्रोबची रेष नाळेला ६० अंशात छेदतेय. फरक येतो साधारण ११४ हर्ट्झ. फिल्टर १५० वर असेल तर? हे रक्त गेलं. स्क्रीनवर काही नाही. त्याच वेळी हृदय आकुंचन पावतानाचा ४० सेंटिमीटरचा वेग नऊशे हर्ट्झच्या वर फरक देतो, तो आरामात दिसतो. म्हणजे उंचवटे छान, मधल्या दऱ्या रिकाम्या. रिपोर्ट लिहिणाऱ्यासमोर ‘प्रवाह नाही’चं हुबेहूब चित्र.

आता फक्त कोन बदला. ३० अंश करा. तेच रक्त, तोच वेग, पण फरक आता १९७ हर्ट्झ. तोच १५० चा फिल्टर पार करून रेष दिसायला लागते. आणि फिल्टर ५० वर आणला तर ६० अंशातही दिसते. नाळेच्या डॉप्लरसाठी फिल्टर मशीन देईल तितका खाली, ५०-६० हर्ट्झच्या आसपास ठेवावा, असं स्त्रीरोग सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हटलेलंच आहे. हे गुपित नाही. पण एकाच मशीनवर सकाळी मोठ्या माणसाचं हृदय तपासलं, जिथे रक्त जोरात उसळतं म्हणून फिल्टर मुद्दाम वर असतो, आणि दुपारी तीच सेटिंग राहिली, की घोटाळा. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये वेगाची पट्टी वाढवली की फिल्टरही गुपचूप वर जातो.

कोनाबद्दल आणखी एक. प्रोब रक्तवाहिनीला अगदी काटकोनात असेल तर फरक शून्य येतो. रक्त कितीही धावू दे. १०८ तुमच्या बरोबर समोरून आडवी जाते त्या क्षणी ती ना जवळ येत असते ना लांब जात असते, तसं. आणि कोन मोठा असताना पाच अंशांची चूकही महागात पडते: ६० समजून ६५ वर मोजलं तर वेग पंधरा टक्क्यांनी चुकतो, ३० च्या जागी ३५ झाले तर पाचच टक्क्यांनी. नाळेच्या बाबतीत डॉक्टर बहुतेकदा वेगांचं गुणोत्तर बघतात, त्यात ही चूक कटून जाते. पण रेषच फिल्टरखाली गेली तर गुणोत्तर कशाचं काढणार?

मग सिग्नल कमजोर वाटला की आवाज वाढवायचा, नाही का? इथे दोन बटणं आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेन हे ऐकणाऱ्या बाजूचं बटण. ते वाढवलं की सिग्नलबरोबर खरखरही वाढते. पॉवर हे बोलणाऱ्या बाजूचं. ते वाढवलं की बाळाच्या दिशेनं जास्त ऊर्जा जाते. या प्रकारच्या डॉप्लरमध्ये लाटांचा मारा एकाच जागी होतो, त्यामुळे साध्या सोनोग्राफीपेक्षा ऊती तापण्याची शक्यता जास्त. म्हणून काम भागेल तितकीच कमी पॉवर आणि तितकाच कमी वेळ, हा नियम. गरोदरपणाच्या सुरुवातीला तर कारण नसताना डॉप्लर लावूच नये. ‘मॅडम, ठोके ऐकवा ना, व्हिडिओ काढायचाय’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

संशोधक यातून वाट काढतायत. नेहमीचा कलर डॉप्लर सेकंदाला काही दहा चित्रं देतो. पॅरिसमधल्या गटांनी एकेक रेष न तपासता एकदम सपाट लाट सोडून सेकंदाला हजारो चित्रं घ्यायची पद्धत विकसित केली. एवढी चित्रं हातात असली की रक्त आणि मांस वेगळं करायला फक्त वेगावर अवलंबून राहावं लागत नाही. २०१५ मध्ये त्यांनी मांडलेला फिल्टर वेगळंच विचारतो: कोण कोणासोबत हलतंय? मांस लेझीम पथकासारखं असतं, सगळे एका तालात. रक्तपेशी मोंढ्यातल्या गर्दीसारख्या, जो तो आपल्या वाटेनं. गणित एका तालातलं सगळं उचलून बाजूला ठेवतं आणि उरते ती गर्दी, मग ती कितीही हळू चालत असो. मला हे भारी वाटलं. पण खरं सांगायचं तर ही मशीन महाग आहेत, आणि माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत नव्या मशीननं काहीच केलं नव्हतं. फिल्टर, कोन आणि दहा मिनिटं, एवढ्यानंच काम झालं होतं.

दहा मिनिटं का? कारण बाळ हलत असताना किंवा श्वासाची हालचाल करत असताना आलेख वेडावाकडा येतो. एकसारख्या तीन-चार लाटा सलग मिळेपर्यंत थांबावं लागतं. आणि आपल्याकडे सगळ्यात कमी आहे तो वेळच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून. योजना चांगली आहे. पण बाहेर रांग असताना आतल्या डॉक्टरांनी एका बाळाच्या झोपेची वाट बघत बसायचं म्हणजे बाहेरच्या वीस जणींच्या शिव्या खायच्या. सिग्नलचा दर्जा म्हटलं की आपण मशीनची किंमत विचारतो. मला वाटतं आधी विचारायला हवं की एका डॉप्लरला किती मिनिटं मिळतात, आणि प्रोब धरणाऱ्याला ते किती शिकवलंय. कायद्याखाली साध्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या सोनोग्राफी प्रशिक्षणाचे नियम २०१४ मध्ये आले. रेडिओलॉजिस्टांची देशव्यापी संघटना ‘संरक्षण’ नावाचा कार्यक्रम चालवते, गरोदरपणातल्या डॉप्लरचा नीट वापर करून बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या डॉक्टरांना तिथे वर्षातून दोन दिवस फक्त या बटणांसाठी बोलावायला किती खर्च येईल? नव्या मशीनच्या तुलनेत चिल्लर.

आता आपल्या जिल्ह्याची खास अडचण. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, थेट बेळगावपर्यंत, आणि परततात मार्च-एप्रिलमध्ये. त्यात गरोदर बायकाही असतात. अशक्त, रक्त कमी, पहाटेपासून मोळ्या उचलणाऱ्या. बाळाची वाढ खुंटण्याची भीती ज्यांना जास्त, त्याच या. आणि डॉप्लर ही एकदा करून फाईलला लावायची तपासणी नव्हे. मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात दरी किती खाली गेली, हे महत्त्वाचं. एक सोनोग्राफी केजला, दुसरी कारखान्याच्या गावाला, मधला कागद पालावर कुठेतरी भिजलेला. तुलना करणार कशी?

मग फिरतं मशीन पालावर का नेत नाहीत? हा प्रश्न मलाही पडला. उत्तर पुन्हा त्या पाटीपाशी येतं. पोर्टेबल मशीन नोंदणी केलेल्या जागेबाहेर न्यायला गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली कडक बंधनं आहेत. इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या, नोंदणी असलेल्या फिरत्या दवाखान्यातच ते चालतं. बंधनं सैल करा, असं मी म्हणणार नाही. ८०७ चा आकडा असलेल्या जिल्ह्यातल्या मुलीनं तसं म्हणणं म्हणजे जरा जास्तच होईल. २०२२ मध्येही बीडजवळच्याच एका महिलेचा अवैध गर्भपातात मृत्यू झाला, तेव्हा हे प्रकरण संपलंय असं समजू नका. पण असा नोंदणीकृत फिरता दवाखाना गाळप हंगामात कारखान्याच्या तळावर ठरलेल्या दिवशी उभा करायला कायदा आडवा येत नाही.

आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेबद्दल एक. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो. नाव, पत्ता, आधीची मुलं किती, सोनोग्राफी कशासाठी. अधिकारी येतात, फॉर्म मोजतात, मशीनचे नंबर जुळवतात. गरजेचं आहे. पण डॉप्लरचा आलेख वाचण्यासारखा होता का, फिल्टर कितीवर होता, हे कुणी तपासायचं? तो एफ फॉर्मचा विषय नाही, मान्य. मग कुणाचा आहे? मशीन चुकीच्या कामाला वापरलं जाऊ नये यासाठी आपल्याकडे कायदा आहे, पथकं आहेत, पाटी आहे. तेच मशीन बरोबर कामाला नीट वापरलं जातंय का, हे बघणारं कुणी मला तरी सापडलं नाही.

तुम्ही मात्र काही गोष्टी करू शकता. घरात कुणाचा डॉप्लर झाला तर नुसता टाईप केलेला रिपोर्ट घेऊन येऊ नका, लाटांच्या आलेखाचा प्रिंटही मागा. त्यावर फिल्टर आणि कोन बहुतेक छापलेले असतात, दुसऱ्या डॉक्टरांना त्यावरून लगेच अंदाज येतो. प्रत्येक प्रिंटचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारखान्यावर जाणाऱ्या ताईला व्हॉट्सअॅपवर पाठवा, कागद भिजला तरी चालेल. आणि रिपोर्टमध्ये ‘प्रवाह नाही’ असं आलं, तर ‘मशीनच चुकलं असेल’ म्हणत घरी बसायचं नाही. हा लेख दाखवून तर मुळीच नाही. ती ओळ खरीही असू शकते, आणि खरी असेल तर तासातासाला महत्त्व असतं. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं आणि तिथे पुन्हा डॉप्लर करायला सांगायचं. माझी मामेबहीण रात्री साडेनऊला निघाली होती.